गुरुवारी निघून गुरुवारी

लिलाव आटपल्यावर ती आली.
चपलांना पाजेवरची वाळू, बर्फानं लाल पडलेले हात.
दुकानात झेरॉक्सवाली दोन पोरं होती, ती जाईपर्यंत
रुकय्या होडेकर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली.
मग म्हणाली,
"ऑकलंड ते सान्तियागो. किती तास लागतात?"

सगळे इथून विचारतात.
हर्णैहून मुंबई, मुंबईहून दोहा, कुवेत, दम्माम,
रात्रीची एसटी धरून, पहाटेचं पनवेल धरून,
लोणच्याच्या बरणीचं वजनसुद्धा धरून.
दोन्ही टोकं परकी असलेला प्रवास
माझ्या काउंटरवर पहिल्यांदाच आला.

मी टाइप केलं.
नऊ हजार सहाशे सत्तर किलोमीटर, थोडं इकडेतिकडे.
अकरा तास. मध्ये कुठे उतरायचं नाही.

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं.
"एक भरती, एक ओहोटी. ती पण पुरी नाही."
आणि जरा सैल झाली,
जणू तौफीक बाणकोटला जाऊन येणार होता.

पडद्यावर रेघ उमटली होती,
खाली दक्षिणेला झुकून, बर्फाच्या अंगानं वळून
पुन्हा वर चढणारी.
"वाकडी का जातो?"
म्हटलं, पृथ्वी गोल, तीच जवळची वाट.
तिला पटलं. खडक चुकवत येणाऱ्या होड्या
तिनं जन्मभर पाहिल्यात.
"खाली किती वाव पाणी?"
ते यंत्रात नव्हतं.
"आणि ह्यात आपण कुठं?"
नकाशा मधोमध समुद्र ठेवून कापलेला,
उजवीकडे चिली, डावीकडे न्यूझीलंड,
आपण कडेच्या बाहेर.
तिनं पडद्याच्या डाव्या अंगाला, टेबलावर,
स्टेपलरच्या शेजारी बोट टेकलं.
"मग इथं असू."

वेळ वाचून दाखवली, तिथं माझं चुकलं.
गुरुवारी संध्याकाळी निघतं,
गुरुवारी दुपारी पोचतं.
"दुपारी? निघायच्या आधी?"
वार बदलायची रेघ असते दर्यात, मी सांगितलं,
पूर्वेला ओलांडली की सरलेला दिवस परत मिळतो.
पावतीच्या मागं गोळा काढला, त्यावर उभी रेघ मारली.
ती गोळ्याकडे बघतच नव्हती.

इस्माईल सोमवारी पडला,
इंजिनरूमच्या शिडीवरून, तिथल्या बंदरात.
एजंटचा फोन मंगळवारी.
पोरगा आणायला जाणार.
आणायला, एवढाच शब्द तिनं वापरला,
मीही त्याच्या आत डोकावलो नाही.

"दुसरं लांबचं विमान नाही काय?
अकरा तास उडून हे पाच तास मागं जातं.
मग जास्त उडणारं बघ.
रविवारी पोचणारं."

पंचवीस वर्षं मी नाही म्हणत आलोय.
जागा नाही, सवलत नाही, पैसे परत नाहीत.
हे एक नाही तोंडातून निघेना.
मी खरंच शोधलं.
तारीख मागे सरकवत गेलो,
बुधवार राखाडी, मंगळवार राखाडी,
त्यांच्यावर कितीही दाबा, उघडत नाहीत.

बाहेर बैलगाड्या पाण्यातून परतत होत्या,
दीपगृह लागलं होतं.
ती उठली. तिकीट तौफीकच काढील तिकडनं, म्हणाली,
तू नुसती लांबी सांगितलीस, तिचे किती?
काही नाही, म्हटलं.
तरी चार बांगडे काउंटरवर ठेवले, वर्तमानपत्रात,
आणि दारातून वळून,
"गुरुवारी भरती किती वाजता, तेवढं बघ.
आपल्या गुरुवारी."